भिंतीकडची ओळ

हिरव्याकाकू घसरून पडल्या त्या बाथरूममध्ये, आणि मोडलेल्या खुब्यापेक्षा त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलं. उभा जन्म ओल्या वाफ्यांत गेला, चिखलात कधी पाय सरकला नाही, आणि सरकला तो साबणाच्या पाण्यावर. "निदान पालकात पडले असते तर चार लोकांना सांगायला तरी बरं होतं," असं त्या भेटायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवत आणि मग स्वतःच हसत. हसलं की खुबा दुखायचा. म्हणून सुनेने येणाऱ्यांना दारातच बजावून ठेवलं होतं, की आत जाऊन विनोद करू नका, त्या करतात तेवढे पुरेत.

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांचा पलंग मागच्या खोलीत खिडकीला लावून टाकला होता. खिडकीबाहेर त्यांची बाग. बाग म्हणायची आपली. घरामागची लांबोळकी जागा, एका टोकाला ही खिडकी, दुसऱ्या टोकाला कंपाउंडची भिंत आणि मध्ये आडवे वाफे. आसपासच्या गल्ल्यांतल्या बऱ्याच घरांत काकूंच्या पालेभाजीच्या जुड्या जात. जुड्या बांधून बांधून त्यांच्या बोटांच्या कडा बारा महिने हिरव्या असत. त्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारी.

सगळ्यात शेवटी, भिंतीच्या कडेला, कोथिंबिरीची एक ओळ मात्र कधीच कापली जात नसे. ती वाढू द्यायची, फुलू द्यायची, तिला धणे धरू द्यायचे आणि तेच धणे पुढच्या वर्षी पेरायचे. हे बी काकूंच्या आईचं. लग्न होऊन आल्या तेव्हा कपड्यांच्या घडीत एक पुरचुंडी होती. त्यातले धणे त्यांनी इथे पहिल्यांदा टाकले आणि तेव्हापासून एकाच्या पोटचं दुसरं असं ते बी चालत आलं होतं. पान लहान, देठ किंचित तांबूस, पण वास असा, की जुडी पिशवीत असली तरी ती घरात आल्याचं स्वयंपाकघरात कळावं. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिचं दुसरं काहीही काकूंकडे नव्हतं, धड फोटोसुद्धा नव्हता. गेल्या हंगामात धणे कमी भरले होते, त्यामुळे होतं नव्हतं ते सगळं बी या वर्षी वापरलं गेलं होतं. ही ओळ हातची गेली असती तर पुन्हा पेरायला एक दाणा घरात नव्हता.

म्हणून दवाखान्यात भूल उतरता उतरता त्या नवऱ्याला पहिलं वाक्य बोलल्या ते हेच. "अहो, बाकी काय करायचं ते करा, भिंतीकडच्या ओळीला हात लावू नका."

नवरा म्हणजे घड्याळजी. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांचं हातभर दुकान. डोळ्याला भिंग अडकवून, श्वास रोखून, केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात त्यांची सगळी उमर गेली. आता लोक वेळ फोनमध्ये बघतात, त्यामुळे दुकान दुपारनंतरच उघडत. स्वभाव अतिशय सावकाश. यांना घाई करायलाही वेळ लागतो, असं काकू म्हणायच्या. इतक्या वर्षांत ते बागेकडे आले ते फक्त काकूंना हाक मारायला, आणि तेही उंबऱ्यावरून, चपलेला चिखल लागू नये म्हणून. पालक कुठला आणि मुळ्याचा पाला कुठला, हे त्यांना ताटात आल्यावरही खात्रीने सांगता येत नसे.

या माणसाने बायको दवाखान्यात असताना एक उद्योग केला. खिडकीखालचा वाफा त्या वेळी मोकळा होता. बाजारातून सुटं बी आणून त्यांनी त्यात कोथिंबीर पेरली आणि रोज सकाळी झारीने पाणी घातलं. काकू घरी आल्या, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्यांनी पडदा सरकवला, तर खिडकीखाली बारीक हिरव्या रेघा, पट्टीने आखल्यासारख्या. हे कुणी केलं म्हणून विचारल्यावर सून म्हणाली, बाबांनी, आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. घड्याळजी कप बशीत ठेवत एवढंच म्हणाले, की जागा रिकामी बरी दिसत नव्हती. काकू बराच वेळ खिडकीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्या कुशीवर बरं वाटतं, असं त्यांनी सुनेला सांगितलं. खरं तर त्याच कुशीला दुखायचं.

तेव्हापासून घड्याळजींना तो वाफा म्हणजे जीव की प्राण झाला. सकाळी दात घासायच्या आधी तिथे जाऊन उभे राहायचे. काकू आतून सूचना द्यायच्या, ते मान हलवायचे आणि आपल्या गतीने करायचे. अशाच एका दवाने भिजलेल्या सकाळी ते आत आले ते हातात एक स्टीलची वाटी घेऊन. दुकानात ते ज्या वाटीत घड्याळाचे सुटे भाग ठेवत, तीच ही. तिच्यात कोथिंबिरीचं एक पान होतं.

"हे बघ गं. याला काय झालंय?"

पाल्याचे आजार काकूंना तोंडपाठ होते, आणि ते त्या हात पोळून शिकल्या होत्या. पान हाती आलं की आधी उलटं करायचं, ही त्यांची सवय. पालकावर वरून पिवळा डाग आणि खालच्या अंगाला करडी-जांभळी लव दिसली, की तो केवडा. मेथीच्या पानावर पांढरं पीठ पडल्यासारखं दिसलं आणि ते बोटाने पुसलं गेलं, की ती भुरी. कोवळं रोप मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडलं, की मर, आणि तिथे बहुतेक वेळा आपणच त्याला गरजेपेक्षा जास्त पाणी पाजलेलं असतं. हे सगळं त्यांनी पलंगावरून नवऱ्याला सांगितलं आणि भिंग लावून बघायला लावलं.

घड्याळजींनी भिंग डोळ्यावर चढवलं, पान उलटसुलट केलं. खाली लव नव्हती, वर पीठ नव्हतं. डाग गोल नव्हता, कोनाकोनाचा होता आणि पानाच्या शिरेपाशी येऊन थांबलेला, कुणी कुंपण घातल्यासारखा. पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं, तर डागाच्या कडेला तेलकट झाक दिसली, कागदात पाणी मुरल्यासारखी. त्यांनी हे सगळं इतक्या नेमकेपणाने सांगितलं, की काकूंना पान स्वतः बघायची गरजच पडली नाही. त्यांच्या मनात पाल चुकचुकली, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. डागाळलेली रोपं उपटून टाका आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला, एवढं सांगून त्यांनी विषय संपवला.

डाग मात्र संपले नाहीत. खिडकीखालच्या वाफ्यात निम्मी पानं काळपट झाली, मग करपल्यासारखी वाळली. त्याच्या पलीकडे पालकाचा वाफा होता, तो स्वच्छ. पालकापलीकडे कोथिंबिरीचे दोन वाफे होते, आणि एके दिवशी घड्याळजी वाटीत त्यातल्या पहिल्या वाफ्यातलं पान घेऊन आले. थोड्या दिवसांनी दुसऱ्यातलं. त्यानंतर फक्त मेथी, आणि मग भिंत.

काकूंना जेवण जाईना. सुनेने कारण काढून घेतलं आणि सगळ्या वाफ्यांतली पानं कागदात वेगवेगळी गुंडाळून, कामावर जाता जाता, पिकांचे रोग तपासून देणाऱ्या केंद्रात नेऊन दिली. डब्याच्या पिशवीत आजारी कोथिंबीर घेऊन ऑफिसला जाणारी मीच पहिली असेन, असं तिने जाताना ऐकवलं. तपासणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं, की हे बुरशीचं काम नव्हे, जिवाणूंचं आहे. कोथिंबिरीला धरतं, पालकाला आणि मेथीला नाही. बहुधा बियातून आलेलं असतं आणि मग ओल्या पानांवरून पसरतं. पाण्याच्या शिंतोड्यांनी, खुरप्याने, हातांनी. डाग पडलेलं पान कुठल्याही औषधाने पुन्हा बरं होत नाही. पसरणं थांबवायचं, एवढंच आपल्या हातात. आणि अशा रोपांचं बी धरायचं नाही, कारण रोग बियाबरोबर पुढच्या वर्षात जातो.

हे शेवटचं सुनेने जरा चाचरतच सांगितलं. भिंतीकडच्या ओळीची गोष्ट तिला ठाऊक होती.

रोग बाजारातून आणलेल्या बियातून आला, हे तिघांनाही कळलं. काकूंच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. शिंतोडे उडून उडून किती उडतील? शेजारच्या वाफ्यापर्यंत. मधला पालकाचा वाफा चांगला रुंद होता आणि घड्याळजी तर झारी जमिनीला टेकवून पाणी घालत, ते त्या खिडकीतून रोज बघत होत्या. मग हे दुखणं पालक ओलांडून पलीकडे गेलं कसं? कुणीतरी ते नेलं असलं पाहिजे. खुरपं तर या दिवसांत कुणी हातात धरलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी खिडकीबाहेर येऊन उभे राहिले. जरा वेळ गजाशी चाळा केला. मग अगदी परवानगी मागितल्यासारखं म्हणाले, "तू हात लावू नको म्हणाली होतीस म्हणून विचारतो. त्या भिंतीकडच्यांना पण एकदा पुसून घेऊ का?"

"पुसून म्हणजे?"

म्हणजे पानं, असं ते म्हणाले. आणि खिशातून कापड काढून दाखवलं. घड्याळाची काच पुसायचं मऊ पिवळं कापड, आता हिरव्या-काळ्या डागांनी भरलेलं. मग सगळं बाहेर आलं. यंत्रात घाण दिसली की पहिल्यांदा ती पुसायची, हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. पानांवर डाग आले, दवाने पानं ओली दिसली, तेव्हा त्यांनी रोज पहाटे एकेक पान दोन बोटांवर धरून पुसायला घेतलं. आधी खिडकीखालचा वाफा, कारण तो सगळ्यात आजारी आणि शिवाय त्यांचा स्वतःचा. तो झाला की त्याच कापडाने पालक, मग पुढची कोथिंबीर, मग त्याच्या पुढची. चांगल्यांना आधीच पुसून ठेवलेलं बरं, असा हिशेब. काकू खिडकीतून रोज त्यांना वाफ्यात वाकलेलं बघत होत्या आणि बिचारे तण काढताहेत, असं समजत होत्या.

काकूंची नजर त्या कापडावरून पालकापलीकडच्या वाफ्यांवर गेली, आणि घड्याळजींना सगळं समजलं. ते हातातल्या कापडाकडे बघत राहिले. चेहरा असा पडला, की सून दारातूनच मागे फिरली.

"मीच नेलं म्हणायचं," ते म्हणाले. "एकेका पानाला नेऊन पोचवलं."

काकूंनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढला आणि ते कापड मागून घेतलं. आधी घडी करून ते उशीखाली ठेवणार होत्या, मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन सुनेला हाक मारून उकळत्या पाण्यात टाकायला दिलं. हात साबणाने धुतले. तेवढ्या वेळात त्यांना जे बोलायचं होतं ते सापडलं. "मी या पाल्यात सगळा जन्म काढला," त्या म्हणाल्या, "पण माझं एक पान कधी कुणी पुसलं नव्हतं हो."

घड्याळजी खाली बघत म्हणाले, की ते आता बंद.

खरी कठीण गोष्ट त्यापुढे होती. काकूंनी सांगितलं, की खिडकीखालचा वाफा पूर्ण काढायचा, आणि पलीकडचे कोथिंबिरीचे दोन्ही वाफेही काढायचे. तिथे अजून अर्ध्याहून जास्त रोपं चांगली दिसत होती, पण रोग दिसायच्या आधीच पानात शिरलेला असतो, आणि भिंतीच्या ओळीला वाचवायचं तर मध्ये मोकळी जागा हवी. घड्याळजींना हे काही केल्या गिळवेना. चालणारा भाग कधी फेकायचा नसतो, त्यांच्या धंद्यात ते पाप. आपला वाफा काढायला त्यांनी लगेच होकार दिला. दुसऱ्या दोन वाफ्यांसाठी मात्र वाद घातला, निदान जी बरी आहेत ती तरी राहू दे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी वाद घातल्याचं काकूंना फारसं आठवत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, बघा, तुम्ही नको म्हणत असाल तर राहू दे, बाग आता तुमच्याच हातात आहे. यावर ते उठून गेले.

दव पूर्ण वाळेपर्यंत ते पायरीवर बसून राहिले. ओल्या पानांना हात लावायचा नाही, असा त्यांनी कानाला खडा लावून घेतला होता. ऊन चांगलं चढल्यावर त्यांनी सुरुवात केली, आणि पलीकडच्या वाफ्यांपासून केली. चांगल्याकडून आजाऱ्याकडे यायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी ते आपलं आपण काढलं. रोप मुळासकट उपटायचं, पोत्यात घालायचं, पोत्याचं तोंड बांधायचं. एरवी सगळा पाला खताच्या खड्ड्यात जायचा. या वेळी एक काडीही तिकडे गेली नाही. खिडकीखालचा वाफा सगळ्यात शेवटी आला. काकूंनी पडदा ओढून घ्यावा की नाही याचा विचार केला आणि उघडाच ठेवला. ते काम करत होते तोवर त्या बघत होत्या. मध्येच एकदा काकूंनी आतून पाण्याचा तांब्या गजातून बाहेर दिला, तर घड्याळजींनी हात बाजूला धरून तो काकूंनाच वरून आपल्या तोंडात ओतायला लावला. हाताला लागलं असेल ना, म्हणाले.

पुढचे दिवस काकूंनी मान उंच करकरून भिंतीकडे बघण्यात काढले. पलंगावरून नुसती हिरवी-पांढरी पट्टी दिसायची, फुलं आल्याची. पानं काय म्हणतात ते कळायचं नाही. घड्याळजी रोज उन्हं आल्यावर तिथे जात, दोन्ही हात पाठीमागे बांधून, डोळ्याला भिंग लावून, कमरेत वाकून एकेका रोपासमोर थांबत. सून म्हणायची, बाबा शाळा तपासायला आल्यासारखे दिसतात. परत येऊन ते स्वच्छ आहे असं सांगत आणि काकूंचं जेवण खाली उतरे.

आणि एका दुपारी ते आले ते मातीच्या हातांनी. मेथीच्या बाजूच्या टोकाला दोन-तीन रोपांवर डाग दिसले होते. ते काकूंना विचारायला आत आले नव्हते. डागाची रोपं, त्यांच्या शेजारची चांगली रोपं आणि त्या शेजारच्यांच्या पलीकडची थोडी, अशी त्यांनी सरळ काढून पोत्यात भरली होती. ओळीचा चांगला मोठा तुकडा गेला होता. काकूंना आधी धस्स झालं आणि मग एकदम हलकं वाटलं. काढायची वेळ त्यांच्यावर आली असती तर त्या कदाचित आणखी दोन दिवस थांबल्या असत्या. आईचं म्हणून हात आखडला असता आणि ओळ गेली असती. ज्याला चालणारा भाग टाकवत नव्हता, त्याने त्यांच्या आधी टाकला होता.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मला विचारलं नाहीत ते फार बरं केलंत."

पुन्हा डाग आला नाही. उरलेली ओळ पिकली, झुबके तपकिरी झाले. काकू वॉकर घेऊन चालायला लागल्या होत्या, पण तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी हसतमुखाने सांगून टाकलं होतं, की चालाल, जिने चढाल, फक्त उकिडवं बसणं आता कायमचं बंद. ज्या बाईचा निम्मा दिवस वाफ्यात उकिडवं बसून जायचा, तिला हे काय सांगितलं, ते डॉक्टरांना कळलंही नसेल. बी वाचलं, पण पेरणारे पाय गेले, हे काकूंनी चार दिवस मनातच ठेवलं. मग घड्याळजींना सांगितलं. ते म्हणाले, की त्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत. दुकानात सगळा जन्म स्टुलावर बसून काढल्यामुळे झिजलेच नाहीत.

धणे मूठभरच निघाले, पण टपोरे आणि कोरडे. निम्मे काकूंनी सुनेच्या कपाटात ठेवायला दिले, एकाच जागी सगळं पुन्हा कधी ठेवायचं नाही म्हणून. निम्मे पेरणीसाठी. त्या वाफ्याकाठी खुर्ची टाकून बसल्या आणि मांडीवरच्या पाटावर धणे हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन-दोन फाका केल्या. जागाही बदलली होती, जिथे कोथिंबीर कधी लावलीच नव्हती त्या कोपऱ्यात. खिडकीखाली या खेपेला पालक.

घड्याळजींनी हात धुऊन, वाळवून, पुढे केला. काकूंनी पाटावरचे धणे त्यांच्या तळहातावर ओतले, एकही दाणा मागे न ठेवता. मूठ आवळू नका, घाम लागेल, एवढं म्हणाल्या. ते उकिडवे बसले आणि आपल्या गतीने, एकेक दाणा बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, घड्याळात खडा बसवावा तसा मातीत बसवू लागले. अर्ध्या दिवसाचं काम होणार हे उघड होतं. काकू वॉकरच्या दांड्यावर हात ठेवून बघत राहिल्या. ओळ मध्ये दोनदा वाकडी जाते आहे असं त्यांना वाटलं, आणि दोन्ही वेळा त्या काही बोलल्या नाहीत.